त्या प्रश्नचिन्हाबद्दल: मराठी वृत्तसंपादकांना एका डॉक्टरचं खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि वर्तमानपत्रांचे संपादक,

सप्रेम नमस्कार.

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षं दवाखाना चालवतो. मी संशोधक नाही, कुठल्या टास्क फोर्सवर कधी नव्हतो. सर्दी-तापाचे, साखरेचे, बीपीचे, शेतात पाय मुरगळलेले असे रोजचे पेशंट बघतो. तरीही तुम्हाला लिहितोय. कारण विषाणूचा नवा प्रकार आला की त्याची बातमी तुम्ही देता आणि त्या बातमीचे पेशंट माझ्याकडे येतात.

डिसेंबर २०२१ चा पहिला आठवडा. डोंबिवलीत ओमायक्रॉनचा राज्यातला पहिला रुग्ण सापडून दोन-तीन दिवस झाले होते. 'हर घर दस्तक' मोहीम चालू होती. दुसरा डोस राहिलेल्यांना शोधून काढायचं आणि उपकेंद्रावर आणायचं. आमच्याजवळच्या एका खेड्यातल्या सिस्टरचा सकाळीच फोन आला, "सर, जरा येऊन जाता का? कोणी ऐकूनच घेत नाही." गेलो. उपकेंद्राच्या ओट्यावर निळा व्हॅक्सिन कॅरिअर, शेजारी रजिस्टर, आणि बाकावर सहा माणसं. कोव्हिशील्डची एक कुपी दहा जणांची. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून सिस्टर आणखी चौघांची वाट बघत होत्या. यादीत नावं एकवीस होती आणि आशाताई सकाळपासून दारोदार फिरत होत्या.

त्यातल्या एका दारी मी स्वतः गेलो. काकू माझ्या जुन्या पेशंट, वय अडुसष्ट, साखर आहे. पहिला डोस जूनमध्ये झालेला. त्यानंतर ताप आला म्हणून दुसरा लांबवला होता, पण "या आठवड्यात येतो" असं कबूल केलं होतं.

"डाक्टर साहेब, सकायपासून टीवीवर दाखवून रायले ना. नवा विषाणू आला म्हणे, त्याच्यावर लस लागूच नाही पडत. मंग कायले टोचून घेऊ?"

मी म्हटलं, "काकू, लागू पडत नाही असं नाही लिहिलेलं. लस निष्प्रभ, आणि पुढं प्रश्नचिन्ह आहे. विचारलंय त्यांनी."

"मले कुठं वाचता येते? नातवानं वाचून सांगतलं."

संपादक महोदय, मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की प्रश्नचिन्ह मोठ्यानं वाचता येत नाही. तुमच्या डेस्कवर ते चिन्ह टाकलं की बातमी सुरक्षित होते, उद्या कोणी विचारलं तर 'आम्ही प्रश्नच विचारला होता' असं म्हणता येतं. पण टीव्हीवरची बातमीची पट्टी वाचून दाखवणाऱ्या नातवाच्या तोंडून ते गळून पडतं आणि आजीच्या कानावर सरळ विधान जातं. दुपारी एक वाजेपर्यंत बाकावर माणसं आठ झाली. त्यातल्या दोघांना शेतावर जायचं होतं, ते उठून गेले. कुपी कॅरिअरमध्ये तशीच राहिली. म्हणजे ज्यांचा लशीवर विश्वास होता, जे कामधंदा सोडून आले होते, तेही त्या दिवशी डोस न घेताच घरी गेले.

आता मी काही शहाजोगपणा करायला बसलेलो नाही. माझीही एक चूक आधी सांगतो. फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला माझ्या ओपीडीत ताप-खोकल्याची गर्दी वाढली. जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या, लग्नसराई होती, आणि 'कोरोना गेला' असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं. बावन्न वर्षांचा एक संत्रा बागायतदार आला. मी म्हटलं, हवा बदललीय, तीन दिवसांच्या गोळ्या घे. पाचव्या दिवशी त्याचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर होता. मार्चच्या सुरुवातीला तो गेला. लस घेतली असती तर, असं म्हणायचीही सोय नाही. १ मार्चपासून लस साठीच्या पुढच्यांना आणि जोडीला दुसरा आजार असलेल्या पंचेचाळिशीपुढच्यांना होती. त्याला आजार काही नव्हता. त्याच्या वयोगटाला सरसकट लस १ एप्रिलपासून मिळाली.

त्याच फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्याची रुग्णसंख्या बघून नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली, आणि बातमी आली की अमरावती-यवतमाळच्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा प्रकार नाही. बातमी खरी होती. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला आठवड्याची टाळेबंदी लागली तरी 'बाहेरचा नाही ना' एवढ्यावर समाधान होतं. पाहुणा शोधत होतो आणि इथं घरातच कोणीतरी मोठं होत होतं. महिन्याभरानं, २४ मार्चला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की महाराष्ट्राच्या नमुन्यांपैकी १५ ते २० टक्क्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र सापडले आहेत. मंत्रालयाच्याच पत्रकात त्याला 'डबल म्युटंट' म्हटलं होतं, तुम्ही ते नाव उचललंत आणि घरोघरी पोचवलंत. (काही दिवस 'अमरावती स्ट्रेन' असंही कानावर आलं. बाहेरगावचे नातेवाईक फोनवर चेष्टा करायचे.)

या 'डबल'नं फार घोटाळा केला. लोकांना वाटलं दुप्पट ताकदीचा, दुप्पट मारणारा. प्रत्यक्षात कोणत्याही कोरोना विषाणूत त्या वेळेपर्यंत डझनभर तरी बदल साचलेले होते. त्याचा जनुकीय मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा आहे. तो स्वतःच्या नकला काढताना चुका करतो, आणि फ्लूच्या विषाणूपेक्षा कमी करतो, कारण याच्याकडे मुद्रितं तपासणारा कारकून आहे. तरी महिन्याला साधारण दोन चुका टिकून राहतात. बहुतेक चुका बिनकामाच्या. गंमत पुढं आहे. ज्या विषाणूनं एप्रिल-मे २०२१ मध्ये देशाला रडवलं, तो बी.१.६१७.२. त्यात ई४८४क्यू हा बदल नव्हताच! 'डबल'मधला एक त्याच्याकडे नव्हता. होते ते एल४५२आर, टी४७८के आणि पी६८१आर. शेवटचा बदल विषाणूच्या अंगावरच्या काट्याला पेशीत शिरण्यासाठी तयार करायला मदत करणारा. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला डेल्टा हे नाव दिलं. देशांच्या, गावांच्या नावानं शिक्के बसू नयेत हे त्यामागचं एक कारण. आमच्यासारख्यांवर उपकारच झाले.

काकूंच्या प्रश्नाकडे येतो. 'लस लागू पडते का?' हा एकच प्रश्न वाटतो, पण तो निदान दोन प्रश्नांचा आहे: लस संसर्ग अडवते का, आणि लस दवाखान्याची पायरी चढण्यापासून वाचवते का? नव्या प्रकाराच्या बातमीत तुम्ही पहिल्याचं उत्तर देता आणि मथळा दुसऱ्याचा वाटेल असा करता.

मी काकूंना पोळ्याच्या भाषेत सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो. पोळ्याच्या दिवशी दीडशे बैल एका जागी उभे असतात. सगळ्यांची शिंगं रंगवलेली, बेगड लावलेलं, अंगावर झूल. एखाद्या लहान पोराला सांगितलं की 'आपला बैल लाल शिंगांचा', तर शिंगं हिरवी झाली की तो फसला. पण ज्यानं तो बैल गोऱ्हा असल्यापासून वागवला, तो चालीवरून ओळखतो, वशिंडावरून ओळखतो, कानाच्या फाटलेल्या कडेवरून ओळखतो. लशीनं शरीरात दोन्ही तयार होतात. अँटिबॉडी हे ते पोर. विषाणूची शिंगं म्हणजे त्याच्या अंगावरचे काटे, आणि त्यातल्या मोजक्या जागा तेवढ्या अँटिबॉडी पकडतात. त्या जागा बदलल्या की पकड सुटते आणि विषाणू घशात शिरतो. टी-पेशी हे जुने धनी. ते विषाणूचे तुकडे तपासतात, वेगवेगळ्या ठिकाणचे अनेक तुकडे, आणि सगळे एका वेळी बदलणं विषाणूला जमत नाही. त्यांना पोचायला काही दिवस उशीर होतो, तोवर ताप-खोकला होऊन जातो. पण फुप्फुसापर्यंत प्रकरण जाण्याआधी ते येतात.

हे नुसतं दृष्टांताचं नाही. डेल्टाच्या काळात ब्रिटनमध्ये ॲस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे आपली कोव्हिशील्डच, तपासली गेली. लक्षणांसह होणाऱ्या आजारापासून दोन डोसांचं संरक्षण अल्फाविरुद्ध, म्हणजे ब्रिटनमध्ये आधी सापडलेल्या प्रकाराविरुद्ध, सुमारे ७४ टक्के होतं, ते डेल्टाविरुद्ध ६७ टक्के निघालं. एकाच डोसाचं तर अल्फाविरुद्ध ४९ आणि डेल्टाविरुद्ध अवघं ३० टक्क्यांच्या आसपास. आणि रुग्णालयात भरती होण्यापासून? दोन डोसांनंतर ९२ टक्के. या आकड्यांवरून 'डेल्टापुढे लस कमजोर' हा मथळा होतो. 'दुसरा डोस चुकवू नका' हाही होतो. दोन्ही खरे. पहिल्यानं माणूस घरी बसतो, दुसऱ्यानं केंद्रावर येतो.

ओमायक्रॉननं शिंगं पारच रंगवून टाकली होती, काट्यावर तीसहून जास्त बदल. दोन डोसांनंतर पाच-सहा महिने उलटले असतील तर साध्या संसर्गापासून कोव्हिशील्डचं संरक्षण जवळपास उरलं नव्हतं, हे मी मुद्दाम मान्य करतो, कारण 'लस म्हणजे कवच' असंही तुमच्याच चर्चांमधून सांगितलं जायचं आणि मग लसवंताला ताप आला की लोक आम्हाला खोटं ठरवायचे. शिवाय यात दोन गोष्टी मिसळतात. विषाणू बदलतो तशा अँटिबॉडीही महिन्यांगणिक आपोआप कमी होतात. दोष मात्र सगळा नव्या प्रकाराच्या नावावर जातो. जानेवारी २०२२ मध्ये माझ्या ओपीडीत घरंच्या घरं घसा धरून येत होती. आदल्या वर्षी याच बाकावर माणसं बोटाला ऑक्सिमीटर लावून धापा टाकत बसली होती. या वेळी बहुतेक जण चार दिवसांत कामाला लागले.

काकू त्या 'बहुतेकां'त नव्हत्या. एकच डोस, तोही सात महिन्यांपूर्वीचा, वर साखर. जिल्ह्याच्या ठिकाणी चार दिवस ऑक्सिजनवर काढले. वाचल्या. दुसरा डोस घेतला असता तर काहीच झालं नसतं, असं मी छातीठोक सांगणार नाही. एका माणसाचं तसं सांगता येत नसतं, हजारांचं सांगता येतं.

हजारांवरून आठवलं. त्याच जानेवारीत एका पट्टीवर वाचलं, 'भरती रुग्णांपैकी निम्मे लस घेतलेले!' उद्गारचिन्ह तुमचं. एक गणित घालतो, आकडे माझ्या मनचे, हिशोब पाचवीतला. गाव हजार वस्तीचं. नऊशे जणांनी लस घेतली, शंभरांनी नाही. लस न घेतलेल्या शंभरांपैकी दहा दवाखान्यात गेले. घेतलेल्यांना धोका त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे शंभरात एक, नऊशेत नऊ. भरती एकोणीस, त्यांत लसवंत नऊ. निम्मे झाले की नाही? लस दहापट वाचवते आणि तरी तुमची पट्टी खरी ठरते. किती जणांपैकी, एवढे दोनच शब्द त्या पट्टीत बसवा. जागा नसेल तर ती बातमी पट्टीत नका टाकू, सविस्तर सांगा.

'सौम्य' हाही असाच एक लाडका शब्द. ओमायक्रॉन सौम्य, झालं, सुटलो. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाँगकाँगला तोच ओमायक्रॉन गेला. तिथल्या म्हाताऱ्या माणसांत लस न घेतलेल्यांचं प्रमाण मोठं होतं आणि आधीचा संसर्गही फारसा नव्हता. काही आठवड्यांत तिथं हजारोंनी माणसं दगावली, त्यांत बहुतांश वृद्ध. लोकसंख्येच्या मानानं त्या वेळचं जगातलं ते सर्वांत वाईट प्रमाणांपैकी एक होतं. म्हणजे ओमायक्रॉन आपल्याकडे सौम्य 'वाटला' त्यात डेल्टाच्या आधीच होऊन गेलेल्या संसर्गाचा आणि लशीचा मोठा वाटा होता. विषाणू किती घातक हे एकट्या विषाणूवर ठरत नाही, तो कोणाच्या घरात शिरतो यावरही ठरतं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. बातमी सुरू करता, ती संपवत नाही. जून २०२१ मधला डेल्टा प्लस, म्हणजे एक जादा बदल झालेला डेल्टा, आठवतो? राज्यात एकवीस रुग्ण, त्यांतले नऊ रत्नागिरीचे, सात जळगावचे. दिवसभर नकाशे, लाल ठिपके, पाठीमागे ते ढोल वाजवल्यासारखं संगीत. तिसरी लाट डेल्टा प्लसची येणार, असं गावातला न्हावीसुद्धा सांगत होता. लाट आली, पण सहा महिन्यांनी आणि ओमायक्रॉनची. डेल्टा प्लस साध्या डेल्टापुढे टिकलाच नाही. त्या वेळी सावधगिरी बाळगली ते चूक होतं असं मी म्हणत नाही, शासनानं निर्बंध वाढवले तेही समजू शकतं. पण 'तेव्हा आम्ही ज्याची भीती घातली होती, त्याचं पुढं असं असं झालं' ही बातमी मी एकाही वाहिनीवर पाहिली नाही. लोकांच्या डोक्यात ते सगळे प्रकार अजून जिवंत फिरतायत. आणि दर वेळी वाघ आला म्हटल्यावर खरा वाघ येतो तेव्हा कोणी दार लावत नाही. मेळघाट आमच्या उशाशी आहे, ही म्हण आम्हाला दोन अर्थांनी कळते.

२०२५ च्या मे महिन्यात पुन्हा तेच झालं. एनबी.१.८.१, एलएफ.७, सगळी ओमायक्रॉनच्याच जेएन.१ची पिलावळ. जागतिक आरोग्य संघटनेनं एनबी.१.८.१ला 'लक्ष ठेवण्याजोगा' म्हटलं आणि त्याच कागदात त्याचा जादा धोका कमी असल्याचंही म्हटलं. आमच्याकडे पोचला तो कागदाचा पहिला अर्धा भाग. तीन दिवस ओपीडीत एकच प्रश्न, 'लॉकडाऊन लागते का?' यादीच्या तीन पायऱ्या आहेत: लक्ष ठेवण्याजोगा, विशेष रस घेण्याजोगा आणि चिंताजनक. पहिल्या पायरीवरचा विषाणू म्हणजे पोलिसांनी नाव टिपून घेतलेला माणूस, अजून गुन्हा दाखल नाही. बातमीत पायरी सांगितलीत तरी माझी निम्मी ओपीडी हलकी होईल.

आणि एक उलट बाजू, जी बातमी होतच नाही. गोवराचा विषाणूही याच जातीचा, चुका करणारा. पण त्याच्या लशीचं मूळ १९५४ साली एका आजारी मुलाकडून मिळवलेल्या विषाणूत आहे, आणि ती आजही चालते. कारण अँटिबॉडी त्याला जिथं पकडतात ती जागा बदलली तर तो पेशीतच शिरू शकत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला तेव्हा विषाणू नवा नव्हता, पोरांचे डोस राहिले होते. फ्लू दुसऱ्या टोकाला, त्याच्या लशीचा नुस्खा जगभरचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसून ठरवतात. कोरोना या दोघांच्या मध्ये कुठंतरी. त्याची ओमायक्रॉनसाठी बेतलेली लस आपल्या पुण्यातच तयार झाली, जून २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. सुई न टोचता त्वचेत द्यायची, साध्या फ्रिजमध्ये राहणारी. माझ्या शंभर पेशंटांना विचारलं तर पाच जणांनाही तिचं नाव ठाऊक नसेल. डेल्टा प्लस मात्र सगळ्यांना ठाऊक.

तुमच्यातल्याच लोकांनी एप्रिल २०२१ मध्ये बेड कुठं आहे, ऑक्सिजन कुठं आहे याच्या याद्या रात्री दोन वाजता अद्ययावत केल्या. त्यांतल्या एका यादीवरून मी माझ्या कंपाउंडरच्या भावाला बेड मिळवून दिला. पत्रकारितेची ती बाजूही मी पाहिलीय, म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहितोय. व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्यांना कोण पत्र लिहिणार?

तेव्हा पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येईलच, बातमी देताना हे वेगवेगळं विचारा: जास्त पसरतो का, जास्त आजारी करतो का, आधीच्या संरक्षणातून निसटतो का. तिघांचं उत्तर एका दिवशी मिळत नाही. पसरण्याचं आठवड्यांत कळतं, निसटण्याचं प्रयोगशाळेत अंदाजानं कळतं, आणि भरतीचं कळायला सगळ्यात उशीर लागतो, कारण माणूस आजारी पडून दवाखान्यात पोचायलाच वेळ जातो. ज्याचं उत्तर आलेलं नाही तिथं 'अजून कळलेलं नाही' असं साधं मराठी वाक्य लिहा. ते वाचून दाखवलं तरी अर्थ बदलत नाही.

माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे. आवाज बंद ठेवतो, पट्टी तेवढी दिसते. काकू दर महिन्याला साखर तपासायला येतात तेव्हा त्याच्या बरोबर समोर बसतात. आता नातू मोठा झालाय, तोच घेऊन येतो आणि वाचून दाखवतो. मध्यंतरी कसल्या तरी नव्या आजाराची पट्टी चालली होती. त्यानं वाचली. काकूंनी माझ्या दाराकडे बघितलं, मग त्याला विचारलं, "हे सांगून रायले का इचारून रायले?"

आपला,
अमरावती जिल्ह्यातला एक फॅमिली डॉक्टर